कोरा राहिलेला रकाना

सप्रेम आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. नदीच्या पाण्याचे बारा ठिकाणचे नमुने, पीएच (पाणी किती आम्ल), बीओडी (त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन), सगळं दशांशापर्यंत. फक्त नमुना किती वाजता घेतला तो रकाना कोरा. तिथूनच सुरुवात करतो, कारण ही चूक मी अख्खा एक उन्हाळा केली आहे.

मी तेव्हा आरामात आवरून अकराच्या सुमाराला नदीवर पोचायचो. पाणी हिरवट, पण विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११-१२ मिलिग्रॅम. मी खूश! खरं तर २० अंश सेल्सिअसला हवेतून पाण्यात मुरून मुरून ऑक्सिजन मुरतो तो साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. त्याहून जास्त दिसला तर तो शेवाळानं उन्हात तयार केलेला असतो. मासे मरून वर येत होते आणि माझी वही नदी ठणठणीत असल्याचं सांगत होती. शेवटी जाळं टाकणारा एक म्हातारा म्हणाला, "उजाडायच्या आधी येऊन बघा की." पहाटे पाचला मोजला, तर दीडसुद्धा भरेना. रात्रभर शेवाळ, जिवाणू, मासे सगळेच श्वास घेतात. भर मात्र हवेतून जेवढी मुरेल तेवढीच.

सेंद्रिय प्रदूषणाचं हे असं आहे. मैला, साखर, स्टार्च, रक्त यांतलं काहीच रसायनी विषासारखं मारत नाही. दूधच घे. त्याचा बीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे एक लिटर दूध कुजवून संपवताना जिवाणू सुमारे ११ हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन फस्त करतील. माशाला दूध बाधत नाही, त्याचा जीव गुदमरून जातो.

आता जागा. तू नाल्याच्या तोंडाशी नमुना घेतलास आणि मग थेट खालच्या पुलावर. मधलं सगळं निसटलं. सांडपाणी पडतं तिथे ऑक्सिजन तळाला गेलेला नसतो, जिवाणूंचा जेवणावळीला बसायचा अवकाश असतो. वाहत्या पाण्यात सगळ्यात वाईट जागा त्याच्या बरीच खाली सापडते, आणि त्याही पुढे नदी हळूहळू सावरते. स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये ऑक्सिजनचा हा खळगा गणितात बसवला. तो नेमका कुठे पडेल हे वेग, खोली, तापमान यांवर ठरतं. म्हणून आधी काठानं चालत जा, मग नकाशावर खुणा कर. आणि नाल्याच्या वरच्या अंगाचा एक नमुना हवाच. तो नसेल तर दोष कुणाचा हे कसं सांगणार?

बीओडीबद्दल थोडं. ३०० मिलिलिटरची बाटली, अंधार, २० अंश, पाच दिवस हे तुला पाठ आहे. अंधार कशासाठी, तर शेवाळानं मधेच ऑक्सिजन घालून हिशेब बिघडवू नये म्हणून. पण पाच दिवसांनी बाटलीत निदान १ मिलिग्रॅम उरला पाहिजे आणि निदान २ खर्च झाला पाहिजे. तुझ्या तीन बाटल्यांत शून्य उरलाय. ते आकडे खोडून टाक, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लाव.

नऊ नंबरच्या ठिकाणी मी जास्त वेळ थांबलो. सीओडी ४०० आणि बीओडी जेमतेम २०. तू शेरा मारलास, 'सेंद्रिय भार कमी'. मला तसं वाटत नाही. सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन आम्लात उकळलं की जवळजवळ सगळं जाळतं, जिवाणू मात्र त्यांना पचेल तेवढंच खातात. घरगुती सांडपाण्यात बीओडी सीओडीच्या साधारण निम्मा असतो. इथे एक तर न कुजणारं काहीतरी आहे, नाही तर जिवाणूच मेले असतील असं काहीतरी. वेगवेगळ्या पातळ्यांवर विरळ करून बघ. पातळ नमुन्याचा हिशेबानं येणारा बीओडी चढत गेला तर विषाचा संशय धर, कारण पातळ केल्यावर विषाचा जोर ओसरतो. (आणि सीओडीचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नकोस. त्यात पारा आणि क्रोमियम असतं. प्रदूषण मोजणाऱ्यांनीच ते करताना मी पाहिलंय.)

पाण्यात बुडवून ऑक्सिजन मोजणारे प्रोब चांगले असतात, पण त्यांच्या टोकावर बुळबुळीत थर चढतो आणि आकडा गुपचूप सरकतो. म्हणून दर खेपेला एक बाटली विंक्लरच्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे रसायनं घालून, काठावरच स्थिर कर. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातल्यावर तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पुढे टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रावण घालून मोजणी) करायचीही गरज नाही.

आणि दगड उलटून बघत जा. नमुना त्या क्षणाचं सांगतो, दगडाखालचे किडे मागच्या कित्येक आठवड्यांचं. मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं बरीच आणि नाना तऱ्हेची सापडली तर एवढ्यात तिथे ऑक्सिजनची फार ओढाताण झालेली नाही. सगळीकडे लालभडक अळ्याच वळवळत असतील, तर समज की तिथे ऑक्सिजन कमी पडतोय: त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून इतरांचा श्वास कोंडतो तिथे त्या टिकतात. रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणी माझ्या बाटलीत कधी सापडलं नाही, या अळ्यांनी मात्र दोनदा दाखवलं.

पुढच्या खेपेला बाराच्या बाराची धावपळ नको. चार, सहा आणि नऊ एवढीच ठिकाणं घे, पहाटे पाच आणि दुपारी तीन अशा दोन्ही वेळा, पाण्याचं तापमान शेजारी लिहून. नऊ नंबरला हातमोजे घाल.