बायपोलरमध्ये एकदम नॉर्मल वाटायला लागल्यावर गोळ्या सोडल्या तर चालतं का?

भावा, तू विचारलंयस की दीड वर्ष लिथियमची गोळी चालू आहे, आता सगळं नॉर्मल वाटतंय, मग सोडलं तर काय होईल, आणि मधेच राग आला किंवा रडू आलं की हा आजार आहे का मीच आहे हे ओळखायचं कसं. मी कोल्हापूरचा, वय ४१, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, अकरा वर्षं झाली बायपोलर घेऊन जगायलोय, म्हणजे मन कधी लई चढतं, कधी एकदम खाली बसतं तो आजार. डॉक्टर नाही मी, अंगावरनं गेलंय तेवढंच सांगतो.

मी सोडल्या होत्या. २०१६ ला, कुणाला न सांगता. तुझ्यासारखंच बरं वाटत होतं, आणि गोळीनं होणारी हाताची थरथर नकोशी झाली होती, चहाचा कप धरला की लोक बघायचे. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही, उलट लई हलकं वाटलं, म्हटलं उगाच घेत होतो इतके दिवस. मग गणपती आले. आमच्याकडची विसर्जनाची मिरवणूक तुला माहीत असेल, दुसरा दिवस उजाडतो तरी महाद्वार रोडवरनं मंडळं सरकतच असतात. त्या रात्री मी झोपलो नाही, त्यात काही विशेष नाही, निम्मं कोल्हापूर जागं असतं. पण दुसऱ्या रात्री पण झोप लागली नाही, तिसऱ्या रात्री दोन तास, आणि थकवा म्हणून नाही. तीच मन चढायला लागल्याची खूण होती आणि मला ती देवाची कृपा वाटली. पुढच्या दहा दिवसांत स्वतःची फौंड्री काढायचं ठरवलं, पतसंस्थेतनं कर्ज उचललं, एका जुन्या भट्टीला दोन लाख इसार देऊन आलो, आणि मेहुण्यानं अडवलं तर त्याला भरल्या घरात नको नको ते बोललो.

लिथियम एकदम तोडलं की आजार उलटून यायचा धोका वाढतो, हे मला नंतर कळलं. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टर काही आठवडे, महिने घेऊन हळूहळू उतरवतात.

दिवाळीपर्यंत तो सगळा जोर उतरला आणि मी अंथरुणात. सकाळ सगळ्यात वाईट जायची, दुपारी चारनंतर जरा माणसात यायचो. आईनं अंगारा लावला, जोतिबाला नवस बोलली, मी तिला अडवलं नाही कारण तिच्या जिवाला तेवढाच आधार होता, पण गोळी चालू राहणार ही बायकोची अट होती आणि आईनं ती मान्य केली.

खरं सांगू का, उदासीपेक्षा लाज जास्त खाते. हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. आपण काय बोललो, कुणासमोर बोललो, सगळं शब्द न शब्द आठवत असतं. मला वाटायचं मेहुणा समोरनं आला तर रस्ता बदलावा, आणि खूप दिवस बदलला पण. शेवटी बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि एवढंच बोललो, दाजी, आजार माझा आहे, त्यावर औषध घ्यायची जबाबदारी पण माझी होती, तुम्हाला लागलं त्याची माफी मागतो. त्यांनी चहा दिला, बोलले काही नाहीत. सहा महिन्यांनी पोराच्या बारशाला स्वतः फोन केला. लाज एका दिवसात जात नाही, पण तोंड लपवून तर ती अजिबात जात नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. मी चिडलो की घरात पहिला सवाल यायचा, गोळी घेतली का? डोस्कं फिरायचं. कंपनीनं ओव्हरटाइम कापला म्हणून मी चिडलोय आणि घरचे माझं डबडं तपासायलेत. मग आम्ही दोघांनी ठरवलं की हा प्रश्न बंद, त्याच्याऐवजी ती विचारणार, काल झोप किती झाली? स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाची वही आहे त्यातच ती माझ्या झोपेचे तास लिहिते. सहासात तास नीट झोप झालीय आणि तरी राग आलाय, तर तो राग माझा, बहुतेक वेळा त्याला कारण पण असतं. सलग दोन रात्री पाचच्या खाली आणि तरी अंगात जोर, तर वाद नाही घालायचा, डॉक्टरांना फोन, आणि एटीएम कार्ड तिच्याकडं. रडण्याचं पण तसंच. वडील गेले तेव्हा मी चार दिवस रडलो आणि घाबरून दवाखान्यात गेलो, की आलं परत. डॉक्टर म्हणाले, बाप गेल्यावर रडायचं नाही तर कधी रडायचं? जेवतोयस, झोपतोयस, माणसांत बसतोयस ना, मग हे दुःख आहे, आजार नाही.

झोपेसाठी मी थर्ड शिफ्ट सोडली, डॉक्टरांचं पत्र देऊन. पैसे कमी मिळतात, पण चालतंय. विसर्जनाला आता दहाला घरी येऊन झोपतो आणि सकाळी सहाला पोराला घेऊन बघायला जातो, मिरवणूक तेव्हा पण चालूच असते.

अजून एक, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर नीट वाच. लिथियम म्हणजे एक क्षारच आहे, घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी ते धरून ठेवते आणि रक्तातली लेव्हल चढते. मी भट्टीपाशी उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळत होतो, वर पाठ धरली म्हणून मेडिकलमधनं आयबुप्रोफेनची गोळी आणून आठवडाभर खाल्ली. जुलाब, हात नेहमीपेक्षा जास्त कापायला लागले, चालताना झोक जायला लागला. लेव्हल १.६ निघाली, साधारण ०.६ ते १.० मध्ये पाहिजे. वेळेत गेलो म्हणून निभावलं. तेव्हापासून पाणी भरपूर, मीठ एकदम तोडायचं नाही, कुठलीही पेनकिलर विचारल्याशिवाय नाही. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी देतात, आणि मधनं मधनं थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पण बघावं लागतं. आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात जास्तीच्या ठेव. २०१९ च्या पुरात हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेला तेव्हा माझ्याकडं चारच दिवसांच्या उरल्या होत्या, ती धाकधूक आठवली तरी पोटात गोळा येतो.

बरा असताना करून ठेवायचं एक काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपण आधीच लिहून ठेवू शकतो की आपल्याला समजेनासं झालं तर कसले उपचार चालतील, कसले नाहीत, आणि आपल्या वतीनं कोण बोलणार. माणूस नेमायला साधा कागद आणि आपली सही पुरते. मी बायकोचं नाव दिलंय.

खर्चामुळं सोडायचा विचार असेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत जाऊन ये. आणि रात्री एकट्यानं जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर सकाळची वाट बघू नको, घरात कुणाला तरी उठव, नाहीतर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि गोळ्या सोडायचं मनात आहे हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना तोंडावर सांग, ते रागावतील म्हणून लपवू नको. मी तेव्हा लपवलं. नंतर एकदा धीर करून बोललो, की साहेब ही थरथर मला सहन होत नाही, तर त्यांनी लेव्हल बघून डोस थोडा उतरवला आणि थरथर निम्म्यावर आली. २०१६ ला पण एवढंच बोलायला पाहिजे होतं.