चालू बोगद्याशेजारी ब्लास्टिंग: एकूण माल नको, एका डिलेचं वजन बघा

तुम्ही विचारलंय की जुन्या रेल्वे बोगद्यात गाड्या चालू आहेत, त्याच्यापासून १५ मीटरवर नवा बोगदा काढायचाय आणि ठेकेदार म्हणतोय एकूण एक्सप्लोझिव्ह निम्मं केलं की झालं. नाही हो, तसं नसतंय. मी आधी खानापूर बाजूला काळ्या दगडाच्या खाणीत आणि नंतर बोगद्यांवर ब्लास्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगूलोय, हादरा एकूण मालावर नाही, एकाच वेळी म्हणजे साधारण ८ मिलिसेकंदाच्या आत किती किलो उडतंय त्यावर ठरतोय. त्यालाच एका डिलेचं वजन म्हणतात. आणि अंतर निम्मं झालं की ते वजन पाव करावं लागतं. ३० मीटरवर एका डिलेला ४ किलो चालत असेल तर १५ वर १ किलो, तेही दगड तसाच असला तर.

खरं सगळ्यात मोठा दणका कटचा, म्हणजे सगळ्यात आधी उडवायच्या होलच्या गटाचा, कारण त्या पहिल्या होलना फुटायला मोकळी जागाच नसते. म्हणून कट जुन्या बोगद्यापासून लांबच्या बाजूला सरकवा, रिकामे, माल न भरलेले रीमर होल वाढवा, पुल म्हणजे एका ब्लास्टला पुढं सरकायचं अंतर ३ मीटरवरून दीडवर आणा. नॉनेलमध्ये (प्लास्टिकच्या नळीतून पेटणारे डिटोनेटर) एका डिले नंबरचे होल जवळजवळ बरोबरच उडतात, इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरला प्रत्येक होलचा टाइम वेगळा देता येतो. महाग पडतंय, खरं इथं पैसे वाचवू नका.

जिओफोन, म्हणजे हादरा मोजायचं यंत्र, जुन्या बोगद्यातच, तुमच्या बाजूच्या भिंतीला बोल्ट मारून बसवा. आमच्या एका साइटवर तो नुसता खडीवर ठेवलेला, रीडिंगवर विश्वास ठेवून आम्ही तीन दिवस चार्ज वाढवत गेलो आणि चौथ्या दिवशी बोगद्याच्या अस्तराच्या जुन्या भेगेवर, ती वाढतेय का कळावं म्हणून तारीख घालून लावलेली प्लास्टरची पट्टी केसाएवढी चिरलेली दिसली, वरून नख फिरवलं तर अडकत होतं. काम तिथंच बंद केलं.

डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालय) १९९७ च्या सर्क्युलरमध्ये शेजारच्या घरांना हादऱ्याच्या वेगाची मर्यादा ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिमी आणि २५ हर्ट्झच्या वर १५ मिमी दिलंय, खरं ते खाणींसाठी आहे. तुम्ही रेल्वेकडून मर्यादा लेखी घ्या आणि ट्रायल ब्लास्ट तिच्या बऱ्याच खालून चालू करा.

आणि ब्लास्ट झाल्यावर गाडी सोडायच्या आधी माणूस बॅटरी आणि हातोडी घेऊन आत गेलाच पाहिजे, अस्तर ठोकून बघायचं, कुठं पोकळ आवाज आला तर गाडी सोडायची नाही.