जाहिरातीत चाळीस हजार, हातात पंचवीस

प्रश्न: चाकणला माझा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. नऊ गाड्या, अकरा ड्रायव्हर. चौदा टायर गाडीसाठी व्हॉट्सॲपवर जाहिरात फिरवली होती: ‘चाकण-बेंगळुरू लाइन, पगार महिना 40,000, खुराकी वेगळी.’ प्रत्यक्षात मी 16,000 फिक्स आणि जाऊन-येऊन एका फेरीला 3,000 देतो. ड्रायव्हर कामावर आला तेव्हा हे तोंडी सांगितलं होतं. त्याचे पहिल्या महिन्यात 28,000 झाले, दुसऱ्यात 25,000. त्यातून डिझेल शॉर्टेजचे 3,500 आणि ओव्हरलोडच्या दंडापैकी 8,000 मी कापले. तिसऱ्या महिन्यात नऊ दिवस काम करून तो सोडून गेला. त्या दिवसांचा हिशेब बाकी आहे, लायसन्स माझ्याकडेच आहे. आता वकिलाची नोटीस आलीय: 40,000 प्रमाणे दोन महिन्यांचा फरक 27,000, कापलेले सगळे पैसे आणि थकलेला पगार पंधरा दिवसांत द्या. जाहिरात म्हणजे करार असतो का? आणि बाकीचे सगळे 45-50 हजार लिहीत असताना मी खरा आकडा टाकला तर ड्रायव्हर येणार कुठून?

उत्तर: जाहिरात म्हणजे करार नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या दृष्टीने ती ‘या, बोलू’ असं निमंत्रण असते. करार होतो तो माणूस समोर बसून अटी मान्य करतो तेव्हा. त्यामुळे केवळ जाहिरातीच्या जोरावर 27,000 रुपये आपोआप द्यावे लागतील, असं नाही.

पण यावर निर्धास्त होऊ नका. तुमच्याकडे त्या जाहिरातीशिवाय दुसरा कागदच नाही. 16,000 अधिक फेरीचे 3,000 हे ठरलं होतं, असं तुम्ही म्हणता; पण ते लिहिलंय कुठे? 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावंच लागतं. तुमचे नुसते ड्रायव्हरच अकरा आहेत. शिवाय वेतन संहिता, 2019 च्या कलम 59 नुसार पगार कमी दिला किंवा बेकायदा कापला अशी तक्रार आली, तर देणं पूर्ण दिल्याचा पुरावा मालकाने आणायचा. ड्रायव्हरने मोबाइलमधली जाहिरात दाखवली (तिच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे मोबाइलमधल्या पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडलं की झालं) आणि तुम्ही मोकळ्या हातांनी उभे राहिलात, तर अधिकारी कोणाचं ऐकेल? त्याने पहिल्या महिन्याचे 28,000 तक्रार न करता घेतले, ही तुमच्या बाजूची गोष्ट. बँकेच्या नोंदी, ट्रिप शीट, फेरीच्या पैशांबद्दल त्याच्याशी झालेले मेसेज, सगळं आजच काढून ठेवा. ग्रुपवरची जाहिरात मात्र डिलीट करू नका. ती पन्नास फोनमध्ये आहे, आणि पुसली तर तुमच्याच मनात काळंबेरं होतं असं दिसेल.

आता तो 40,000 चा आकडा. तुमच्याच दराने तो गाठायला महिन्यात आठ फेऱ्या लागतात. चाकण-बेंगळुरू जाऊन-येऊन साधारण 1,700 किलोमीटर, म्हणजे आठ फेऱ्यांचे 13,600. खंबाटकी घाट, टोल, शहरं, सगळं धरून ताशी 45 चा सरासरी वेग धरला तरी तीनशे तासांवर नुसतं स्टिअरिंग. महिन्याला 26 दिवस धरले तर रोज साडेअकरा तास, आणि त्यात भरणं-खाली करणं आलंच नाही. आठ तासांचा दिवस हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासूनचं माप आहे, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे ‘आमच्याकडे 40,000 मिळू शकतात’ असा बचाव तुम्ही घेतलात, तर आपण ड्रायव्हरला किती तास चालवायला निघालो होतो हेही तुम्हीच कबूल कराल. हा बचाव घेऊच नका.

फसवणुकीचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम 318) लागायला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. तुमच्या एकाही ड्रायव्हरला आजवर 40,000 मिळाले नसतील, तर तो हेतू दाखवणं समोरच्याला सोपं जाईल. ग्राहक मंचाची भीती नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तिथली तरतूद वस्तू आणि सेवांसाठी आहे, नोकरीसाठी नाही.

कपातीत मात्र तुमची बाजू साफ लंगडी आहे. मालाचं किंवा पैशाचं नुकसान ड्रायव्हरच्या हलगर्जीमुळे झालं असेल तरच कापता येतं, आणि तेही त्याला आधी म्हणणं मांडायची संधी देऊन. डिझेलचं ॲव्हरेज कमी पडलं म्हणून 3,500 परस्पर वळते करणं यात बसत नाही. ओव्हरलोडचं तर बोलायलाच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्याइतकाच ती तशी चालवायला लावणाऱ्यावरही येतो. माल तुम्ही भरायला लावला, भाडं तुम्ही घेतलं, आणि दंडातले 8,000 त्याच्या पगारातून? एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या आत आहे म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावायचा अधिकार तो ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे.

म्हणून 11,500 आणि नऊ दिवसांचा पगार लगेच बँकेतून पाठवा. सोडून गेलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. तो मुहूर्त तुमचा कधीच टळलाय. लायसन्स पोच घेऊन परत करा, ते ठेवून घ्यायचा तुम्हाला कसलाही अधिकार नाही. मग 27,000 बद्दल मुद्देसूद उत्तर वकिलामार्फत नोटिशीच्या मुदतीत पाठवा आणि त्यात तडजोडीची तयारी दाखवा. थोडं देऊन लेखी मिटत असेल तर मिटवा. ड्रायव्हरला स्वतः फोन करू नका, गाववाल्यांकरवी निरोप तर मुळीच नको.

पुढच्या जाहिरातीबद्दल. 40,000 वाचून आलेला ड्रायव्हर दुसऱ्या पगाराला पळतो, आणि गाडी उभी राहते तेव्हा हप्ता तुम्हीच भरता. 50,000 लिहिणारे शेजारीही दर दोन महिन्यांनी नवीन माणूस शोधतच असतात ना? मागच्या सहा महिन्यांत तुमच्या ड्रायव्हरांना खरोखर काय मिळालं ते वहीत बघा आणि तेच लिहा: ‘फिक्स 16,000, फेरीला 3,000, महिन्यात साधारण तीन ते चार फेऱ्या, म्हणजे 25 ते 28 हजार. खुराकी वेगळी. गाडी पार्टीकडे उभी राहिली तर दिवसाला इतके. डिपॉझिट नाही, लायसन्स ठेवून घेत नाही.’ ‘इतके’च्या जागी खरा आकडा घाला. हीच वाक्यं नेमणूकपत्रात उतरवा, उचल किती आणि कशी फिटणार तेही लिहा, आणि पहिली खेप भरायच्या आत त्यावर दोघांच्या सह्या घ्या.