वाचकांचे प्रश्न : प्रकल्प दुसऱ्याच्या हाती देताना

प्रश्न : गेली नऊ वर्षं मी सीएसव्ही फाइल (तक्त्यातली माहिती साध्या मजकुरात ठेवणारी फाइल) वाचणारी एक पायथन लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, सांभाळतो आहे. सुरुवातीला स्वतःच्या गरजेपोटी लिहिली. मग लोक वापरू लागले आणि आता ती बऱ्याच दुसऱ्या पॅकेजांच्या पोटात आहे. नवी नोकरी, घरी लहान मूल. इश्यूंची (वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांची) रांग वाढतेय आणि ईमेल उघडायलाही नको वाटतं. गेलं दीड वर्ष एक जण नेमाने चांगल्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये घ्यायला सुचवलेले बदल) पाठवतो. मध्यंतरी त्याने विचारलं, ‘थोडा भार मी उचलू का?’ मी त्याला कधी भेटलेलो नाही. एक्सझेडचं प्रकरण वाचल्यापासून अनोळखी माणसाला हक्क द्यायची भीती वाटते. आणि सगळं सोडलं तर मी जबाबदारी टाकून पळालो असं होईल का? (नाव छापू नये.)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही होणार. तुम्ही नऊ वर्षं बिनपगारी काम केलंय, तेही बहुतेक अशा लोकांसाठी ज्यांचं नावही तुम्हाला माहीत नाही. लायसन्समध्ये ‘जसं आहे तसं, कोणतीही हमी नाही’ असं लिहिलेलं असतं, ते अक्षरशः खरं आहे. थांबायचा हक्क तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे. मी तुमच्याकडून एकाच गोष्टीचा आग्रह धरेन: जे लोक तुमच्या कोडवर विसंबून आहेत, त्यांना आता हे कोण सांभाळतंय ते उघडपणे कळलं पाहिजे.

भीती मात्र रास्त आहे, म्हणून ते प्रकरण नीट पाहू. एक्सझेड म्हणजे फाइलींचा आकार कमी करणारं साधन, लिनक्सवर जवळपास सगळीकडे असतं. एकच माणूस ते फावल्या वेळात सांभाळत होता. 2021 पासून ‘जिआ टॅन’ नावाच्या खात्यावरून पॅच (कोडमधले बदल) येऊ लागले. 2022 मध्ये आणखी काही खाती उगवली आणि त्यांनी मूळ मेंटेनरमागे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या त्या माणसामागे, टुमणं लावलं: पॅच पडून आहेत, प्रकल्प मरतोय, दुसऱ्या कुणाला तरी हक्क द्या. त्याने प्रकृतीची अडचण सांगितली तरी तगादा सुरूच राहिला. यथावकाश जिआ टॅनकडे रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, काढायचा हक्क गेला आणि 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली गेली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायच्या साधनाने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून न देता मुळापर्यंत खणलं आणि 29 मार्च 2024 रोजी सगळं जाहीर केलं.

यातून ‘अनोळखी माणसाला घेऊ नका’ एवढाच धडा काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. ओपन सोर्समध्ये प्रत्येक जण कधी ना कधी अनोळखीच असतो, तुम्हीही होतात. मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तो तगादा. कोण काम करतंय आणि कोण नुसती घाई करतंय, हे वेगळं काढून बघा. स्वतः एकही पॅच न पाठवता ‘याला हक्क द्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण तीच खरी कामाची. चोरवाटेला वाट करून देणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून चालतं साधन बनवणारी फाइल) रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सार्वजनिक कोडसंग्रहात, नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) होती. रिपॉझिटरी वाचणाऱ्याला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून हस्तांतराआधी तुमचं रिलीज कुणाच्याही लॅपटॉपवर न बनता, सगळ्यांना दिसणाऱ्या रिपॉझिटरीतून आपोआप बनेल अशी सोय करा. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर) 2023 पासून ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ आहे. त्यात ठरलेल्या रिपॉझिटरीतल्या ठरलेल्या वर्कफ्लोलाच (आपोआप चालणाऱ्या कामाला) पॅकेज चढवता येतं, आणि कायमचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) कुणाच्या मशीनवर पडून राहत नाही. हे एवढं केलंत तर पुढचा माणूस कोणीही असो, त्याचं काम चारचौघांसमोर होईल.

2018 मधलं ‘इव्हेंट-स्ट्रीम’ही आठवा. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरचं अतिशय वापरातलं पॅकेज. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता. एकाने ईमेल करून ‘मी सांभाळतो’ म्हटलं आणि त्याला थेट प्रकाशनाचा हक्क मिळाला. त्याने एक नवं अवलंबन (सोबत आपोआप येणारं दुसरं पॅकेज) जोडलं, आणि पुढे त्यातून एका बिटकॉइन वॉलेटच्या वापरकर्त्यांचे पैसे चोरण्यासाठीचा कोड आला. मूळ लेखकाला दोष देण्यात मला रस नाही. तो थकला होता आणि मदतीला दुसरं कुणी नव्हतं. पण सगळे हक्क एका झटक्यात गेले, आणि ज्यांनी ते पॅकेज वापरलं त्यांना मालक बदललाय याचा पत्ता नव्हता. हे दोन्ही टाळणं तुमच्या हातात आहे.

आता तुमच्या माणसाकडे वळू. त्याने भार मागितला, किल्ल्या मागितल्या नाहीत. हे मला आवडलं. त्याच्या दीड वर्षाच्या पुल रिक्वेस्ट एकदा सलग बसून वाचा. नवीन सुविधा सगळेच पाठवतात. त्याने दस्तऐवज दुरुस्त केलेत का? दुसऱ्याने नोंदवलेला बग स्वतःच्या मशीनवर करून बघितलाय का? तुम्ही ‘हे नको’ म्हणालात तेव्हा तो काय म्हणाला? माणूस कळतो तो अशा कंटाळवाण्या कामात आणि नकारात. व्हिडिओ कॉल जरूर करा, पण चेहरा बघितला म्हणजे खात्री झाली असं समजू नका.

मग आधी काम द्या, हक्क मागाहून. पहिल्यांदा इश्यूंना लेबलं लावणं आणि उत्तरं देणं. काही आठवड्यांनी मर्ज करायचा (बदल कोडमध्ये सामील करायचा) हक्क, मुख्य शाखेवर दोघांपैकी दुसऱ्याचा रिव्ह्यू सक्तीचा ठेवून. मग रिलीज. इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त ज्ञान इथेच अडकलेलं असतं. रिलीज कसं काढतात ते एका फाइलीत लिहा आणि पुढचं रिलीज फक्त ती फाइल वाचून त्याला काढू द्या. तुम्ही शेजारी कॉलवर बसा, पण तोंड उघडू नका. तो जिथे अडेल ती ओळ तुमच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. आवृत्तीचा आकडा दोन ठिकाणी बदलायचा असतो. टॅग (आवृत्तीची खूण) आधी की चेंजलॉग (बदलांची यादी) आधी. दस्तऐवजांची साइट तुमच्या वैयक्तिक टोकनवर चालते आणि ते टोकन कधीतरी संपणार आहे. असं सगळं त्या एका तासात बाहेर येतं.

त्याहून खोल ज्ञान कोडमधल्या ‘हे कशाला?’ वाटणाऱ्या ओळींत असतं. तुमच्या लायब्ररीत फाइलीच्या सुरुवातीचे तीन बाइट तपासून वगळणारा एखादा तुकडा नक्की असेल: ईएफ, बीबी, बीएफ. एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही म्हणून जतन केलेली फाइल या तीन बाइटांनी सुरू होते. ते वगळले नाहीत तर पहिल्या स्तंभाच्या नावाला न दिसणारं अक्षर चिकटतं, आणि ‘आयडी नावाचा स्तंभ सापडत नाही’ अशी तक्रार येते, जेव्हा पडद्यावर तर आयडी स्वच्छ दिसत असतो. नव्या माणसाला तो तुकडा अडगळ वाटेल आणि सफाईच्या उत्साहात तो उडवेल. तसंच अर्धविरामाने स्तंभ वेगळे करणाऱ्या फाइलींचं. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या प्रदेशांत एक्सेल तशाच फाइली देतं. अशा प्रत्येक तुकड्याशेजारी दोन ओळींची कॉमेंट आणि मूळ इश्यूचा क्रमांक लिहा, शक्य तिथे एक टेस्टही जोडा. तुम्ही जाण्याआधी करता येण्यासारखं यापेक्षा मोलाचं काम मला तरी दिसत नाही. इश्यूंची रांग संपवत बसू नका, ती त्याला संपवता येईल. ही कारणं फक्त तुम्हालाच माहीत आहेत.

किल्ल्यांची यादी करा. पायपीआयवर ‘मेंटेनर’ आणि ‘ओनर’ अशा दोन भूमिका असतात. मेंटेनर नवी आवृत्ती चढवू शकतो, पण माणसं आत घेणं किंवा प्रकल्प पुसणं ओनरकडेच राहतं. त्याला आधी मेंटेनर करा, ओनर काही रिलीजनंतर. गिटहबवर (रिपॉझिटरी ठेवायच्या साइटवर) त्याच्या वैयक्तिक खात्याला देण्यापेक्षा एक ऑर्गनायझेशन (सामायिक खातं) उघडून रिपॉझिटरी तिथे हलवा. जुने दुवे आपोआप नव्या जागी जातात. फक्त त्याच नावाची रिपॉझिटरी तुमच्या खात्यात पुन्हा उघडू नका, ते वळण तिथेच तुटतं. आणि डोमेन विसरू नका. 2022 मध्ये पायपीआयवरचं ‘सीटीएक्स’ पॅकेज असंच गेलं: लेखकाच्या ईमेलच्या डोमेनची मुदत संपली होती, हल्लेखोराने ते विकत घेतलं, पासवर्ड बदलून घेतला आणि खातं त्याचं झालं.

शेवटी जाहीर करा. रीडमीत (प्रकल्पाचा परिचय देणाऱ्या फाइलीत) आणि रिलीजच्या टिपणात साधी वाक्यं: अमुक आवृत्तीपासून मुख्य मेंटेनर अमुक, मी अमुक तारखेपर्यंत मदतीला आहे, नंतर माझे हक्क काढले जातील. आणि ते खरोखर काढा. न वापरलेलं जुनं खातं म्हणजे उघडं राहिलेलं दार.

प्रश्न : मी वर्षभर ‘मेंटेनर हवा’ असं रीडमीत लिहून ठेवलंय. कुणी आलं नाही. प्रकल्प बंद केला तर चालेल?

उत्तर : चालेल, आणि भलत्याच्या हाती देण्यापेक्षा ते कधीही बरं. डेबियनने (लिनक्सवर आधारलेल्या एका प्रणालीने) यासाठी केव्हापासून सरळ पद्धत ठेवलीय: पॅकेज सांभाळणं जमत नसेल तर ते रीतसर ‘ऑर्फन्ड’ म्हणून नोंदवतात, म्हणजे ज्याला घ्यायचं त्याला यादी बघून पुढे येता येतं. पर्ल भाषेच्या सीपॅन या भांडारावर तर ‘अ‍ॅडॉप्टमी’ नावाचं खास खातंच आहे. मॉड्यूल त्याच्या नावे केलं की ते दत्तक द्यायचंय हे सगळ्यांना कळतं. तुम्ही एक शेवटचं रिलीज काढा, त्यात पॅकेजचं वर्णन बदलून ‘देखभाल थांबली आहे’ असं लिहा, पर्यायी पॅकेज ठाऊक असेल तर त्याचं नाव द्या आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवा. कोड वाचता येतो, फोर्क करता येतो, म्हणजे स्वतःची प्रत काढून पुढे नेता येतो. पॅकेज पुसून मात्र टाकू नका. 2016 मध्ये एनपीएमवरचं ‘लेफ्ट-पॅड’ हे छोटं पॅकेज काढल्यावर किती जणांचे बिल्ड अडले ते सर्वांनी पाहिलंय.

आणि एक न विचारलेलं सांगते. गिटहबच्या सेटिंगमध्ये ‘सक्सेसर’ नेमता येतो, तुमच्या पश्चात सार्वजनिक रिपॉझिटरी कोण सांभाळेल त्यासाठी. आजच नेमा. वय कितीही असो.

प्रश्न : मी एक प्रकल्प हाती घेतला आहे. मूळ लेखिका फार चांगल्या आहेत, पण माझ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर त्यांची टिप्पणी येते आणि काम पुढे सरकत नाही. त्यांना कसं सांगू?

उत्तर : त्यांच्या जागी मी राहिले आहे. मी लॉग वाचायचं एक छोटं साधन दुसऱ्याला दिलं, त्याने पहिल्याच महिन्यात मी जपलेल्या एका फंक्शनचं नाव बदललं, आणि गप्प राहणं मला खूप जड गेलं. त्यामुळे त्यांच्या टिप्पण्यांमागे जिव्हाळा असणार हे मी खात्रीने सांगते. पण जिव्हाळ्यापायी तुमचा हक्क नावापुरता राहत असेल तर बोलायलाच हवं. सगळ्यांसमोर नको, खाजगीत पत्र लिहा: ‘ताई, कुठल्या तीन-चार गोष्टींना हात लावायचा नाही ते मला कारणासह लिहून द्या. त्या मी पाळेन. बाकीचे निर्णय मी घेईन, चुकले तर मी निस्तरेन.’ त्या जे लिहून देतील ते रिपॉझिटरीतच ठेवा, पुढच्यालाही उपयोगी पडेल.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) एप्रिल 2005 मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी जुलैत जुनिओ हमानो यांच्या हाती दिलं. गिट आजही हमानोच सांभाळतात. त्याउलट पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम जुलै 2018 मध्ये पायथनच्या प्रमुखपदावरून बाजूला झाले तेव्हा त्यांनी वारस नेमलाच नाही. कोर डेव्हलपरांनी आपसात चर्चा करून पाच जणांची निवडून आलेली स्टीअरिंग कौन्सिल आणली. दोन्ही ठिकाणी निर्णय कोणाचा, हे स्पष्ट होतं. तुमच्याकडे ते अजून झालेलं दिसत नाही. प्रकल्पात गव्हर्नन्सची (कोणता निर्णय कोण घेणार ते सांगणारी) फाइल नसेल तर ताईंना पत्र पाठवायच्या आधी तिचा अर्ध्या पानाचा मसुदा करा आणि पत्रासोबत जोडा.