‘जागतिक महायुद्ध’ आणि ‘महा’चा अपशकुन

प्रश्न : ‘पहिले जागतिक महायुद्ध’ लिहावे की ‘पहिले विश्वयुद्ध’? आणि १९१४ साली लढणाऱ्यांना हे ‘पहिले’ आहे हे ठाऊक होते का?

‘जागतिक महायुद्ध’ ऐकले की माझे डोके फिरते. जागतिक युद्ध म्हणा नाहीतर महायुद्ध म्हणा, दोन्ही एका दमात कशाला? हा पिवळा पीतांबर भाषणांत, निबंधांत, बातम्यांत सगळीकडे फडकतो आहे.

‘विश्वयुद्ध’ हिंदीच्या वाटेने आले म्हणून कोणी नाक मुरडले तर मी समजू शकतो. पण ‘विश्व म्हणजे ब्रह्मांड, मग लढाई काय मंगळावर झाली होती?’ असा टोमणा मारणारा एक विद्वान पंथ आहे, त्याने आधी वेदाकडे बघावे. ‘विश्व’ म्हणजे मुळात ‘सर्व’. विश्वेदेव म्हणजे सगळे देव. तेव्हा विश्वयुद्ध म्हणजे सगळ्यांचे युद्ध, आणि शब्दात खोट काहीच नाही. मला तो आवडत नाही, कारण त्यात ‘महा’ नाही. खरी गंमत ‘महा’त आहे.

संस्कृतात एक जुना श्लोक आहे. शंख, तेल, मांस, वैद्य, ज्योतिषी, द्विज, यात्रा, पथ आणि निद्रा या शब्दांना ‘महत्’ जोडू नये, ‘महच्छब्दो न दीयते’, असे तो बजावतो. का? कारण जोडले की अर्थ थेट स्मशानात जातो. महानिद्रा म्हणजे गाढ झोप नव्हे, मरण. महायात्रा म्हणजे शेवटचा प्रवास. महामांस म्हणजे माणसाचे मांस. महाराज, महर्षी यांतला ‘महा’ थोरवी सांगतो. या यादीतला ‘महा’ माणूस गिळतो. मराठीतली महामारी याच दुसऱ्या घराण्यातली. श्लोककाराने यादीत ‘युद्ध’ घातलेले नाही. महायुद्ध हा शब्द संस्कृतात होता आणि त्याला तो मोठ्या लढाईपलीकडे काही वाटला नसावा. पण माझे मत विचाराल तर १९१४ नंतर हा शब्द त्या यादीत जाऊन बसला.

यावर भाषांतरवादी मंडळी म्हणतील, छे, हा इंग्रजी ‘ग्रेट वॉर’चा सरळ तर्जुमा. असेल. पण नेपोलियनशी झालेल्या लढायांनाही ब्रिटनमध्ये एकेकाळी ‘ग्रेट वॉर’च म्हणत. ते नाव पुढे पुसले गेले, आणि १९१४ नंतरचे घट्ट बसले. ते का, याचे उत्तर तर्जुम्यात सापडत नाही.

ते मृतांच्या आकड्यांत सापडते. ब्रिटनचे पहिल्या युद्धात सात लाखांवर सैनिक मेले, दुसऱ्यात चार लाखांच्या आत. फ्रान्सचे पहिल्यात तेरा लाखांहून अधिक, दुसऱ्यात सुमारे दोन लाख. म्हणून आजही लंडनमध्ये ‘ग्रेट वॉर’ आणि पॅरिसमध्ये ‘ग्रांद गेर’ म्हटले की १९१४ चे खंदकच आठवतात. आता रशियाकडे वळा. तिथे ‘महान’ हे विशेषण दुसऱ्या युद्धाला मिळाले : महान पितृभूमी युद्ध, २२ जून १९४१ ते ९ मे १९४५. सोव्हिएत संघाची त्यात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. ज्याची माणसे ज्या युद्धात अधिक मेली, त्याने ‘महा’ त्या युद्धाला दिला. अमेरिकेने कोणालाच दिला नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये ‘वर्ल्ड वॉर टू’ (World War II) हे अधिकृत नाव मान्य केले. राजेशाही झुगारलेल्या देशाने युद्धांना मात्र राजांसारखे रोमन आकडे लावले!

आणि आपण? दिल्लीतली इंडिया गेटची कमान १९१४ आणि नंतरच्या लढायांत पडलेल्या सैनिकांची. पण नुसते ‘महायुद्धाच्या काळात’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हिटलर, रेशन, काळाबाजार आणि आझाद हिंद सेना येते. कमान एका युद्धाची, शब्द दुसऱ्याकडे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळातले मृतही धरले तर यातही माझा मृतांचा हिशेब चुकत नाही.

काही इतिहासकार म्हणतात, पहिले-दुसरे असे काही नाहीच, १९१४ ते १९४५ हे एकच तीस वर्षांचे युद्ध. चर्चिल यांनीही ही उपमा वापरली आहे. ही युरोपच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट. जपान आणि इटली पहिल्यात दोस्तांच्या बाजूने होते, दुसऱ्यात विरुद्ध. चीनला तर १९३९ ची वाटच पाहावी लागली नाही, त्याचे युद्ध जुलै १९३७ मध्ये सुरू झाले. पक्ष बदलले, रणभूमी बदलली, आणि युद्ध तेवढे एकच कसे?

हां, ‘पहिले’. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी सप्टेंबर १९१४ मध्येच ‘पहिले जागतिक युद्ध’ असे शब्द वापरले होते, पण तेव्हा अर्थ होता ‘अशा व्याप्तीचे पहिलेच’. ब्रिटिश युद्धवार्ताहर रेपिंग्टन यांनी तर १९२० साली पुस्तकाला तेच नाव दिले. युद्ध संपवणारे युद्ध झाले असे मानणाऱ्यांना त्यात चिमटाच होता. सामान्य माणसाच्या तोंडी मात्र ‘पहिले’ आले ते दुसरे उंबरठ्यावर आल्यावर.

फ्रेंचांत याची एक बारीक तऱ्हा आहे. ‘दुसरे’साठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत, त्यांतला ‘सगों’ तिसरे येणार नसेल तिथेच वापरावा, असा तिथल्या शुद्धतावाद्यांचा हट्ट असतो, आणि दुसऱ्या महायुद्धाला ते हट्टाने तोच लावतात. मराठीत ती सोय नाही. आपले ‘दुसरे’ तिसऱ्याला अडवत नाही, आणि वृत्तवाहिन्यांवर तर तिसरे दर महिन्याला सुरू होते.