वाचकांचे प्रश्न: रबाऊल राखेखाली कसं गेलं?

पापुआ न्यू गिनीतल्या रबाऊल या बंदराच्या शहरावर मागच्या अंकात लेख होता. १९ सप्टेंबर १९९४ च्या सकाळी तावुर्वुर आणि व्हल्कन हे खाडीच्या दोन काठांवरचे ज्वालामुखी सव्वा तासाच्या अंतरानं फुटले आणि शहराचा मोठा भाग, शिवाय आसपासची गावं, राखेखाली गेली. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: लाव्हा शहरात शिरल्याचा उल्लेख लेखात कुठंच नाही. मग एवढ्या इमारती पडल्या कशा? राखेचं असं वजन ते किती असणार?

लाव्हा शहरापर्यंत आलाच नव्हता. रबाऊलच्या इमारती पाडल्या त्या छतावर साठलेल्या राखेनं. ज्वालामुखीची राख काही जळून उरलेली नसते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला दगडाचा आणि काचेचा तो चुरा असतो. तो विरघळत नाही, वितळत नाही, आणि पाणी लागलं की दबून बसतो.

वजनाचा हिशेब घरबसल्या करता येतो. एक चौरस मीटर छतावर एक सेंटिमीटर राख साठली की ती झाली दहा लिटर. कोरडी, ताजी पडलेली राख असेल तर तिचं वजन साधारण ५ ते १३ किलो. तीच भिजली की १० ते २० किलो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या घरावर दहा सेंटिमीटर ओली राख साठली, तर छताच्या डोक्यावर १० ते २० टन चढले.

आता हे छत कशासाठी बांधलेलं असतं ते पाहा. जिथं बर्फ पडत नाही तिथं हलक्या पत्र्याच्या छताला वाऱ्याचा उपसा सोसावा लागतो आणि अधूनमधून दुरुस्तीला चढणाऱ्या माणसाचं वजन. ऑस्ट्रेलियन बांधकाम नियमांत अशा छतासाठी चौरस मीटरमागे सुमारे २५ किलोचा भार धरतात. ओली राख दोन सेंटिमीटर झाली की हा आकडा ओलांडायच्या बेतात येतो. छत लगेच कोसळत नाही, कारण प्रत्येक रचनेत थोडी राखीव ताकद ठेवलेली असते. पण दहा सेंटिमीटरच्या पुढं ही राखीवही संपत जाते, आणि रबाऊलच्या आग्नेय भागात राखेचा थर अर्ध्या मीटरच्या वर गेला होता.

पडण्याला क्रमही असतो. आधी वळचणीची पन्हळ भरते आणि स्वतःच्या वजनानं उखडते. मग पडवीचं किंवा व्हरांड्याचं पुढं आलेलं छत खांबांसकट खाली बसतं. मुख्य छतावर दोन आडव्या पट्ट्यांच्या मधला पत्रा खोलगट होतो, त्या खळग्यात आणखी राख आणि पाणी साठतं, खळगा आणखी खोल होतो. सगळ्यात वाईट गत गोदामं, हँगर आणि सभागृहांची होते, कारण तिथं कैच्यांमधलं, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींमधलं, अंतर मोठं आणि उतार कमी. तीव्र उताराच्या छतावरून कोरडी राख बरीचशी घसरते, सपाट छतावर ती ठाण मांडते. दोन उतार जिथं मिळतात त्या घळीत थर दुप्पट होतो आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

वाऱ्याचं काय, हेही दोघांनी विचारलं आहे. तावुर्वुर शहराच्या आग्नेयेला आहे आणि सप्टेंबरमध्ये तिथं आग्नेयेचेच व्यापारी वारे वाहतात, त्यामुळे राख थेट शहरावर आली. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वारा वायव्येकडून असतो. हाच उद्रेक तेव्हा झाला असता तर तावुर्वुरची बरीचशी राख समुद्रावर गेली असती. वायव्येकडचा भाग तुलनेनं वाचला, तो केवळ लांब असल्यामुळे. तिथली घरं काही वेगळ्या मजबुतीनं बांधलेली नव्हती.

प्रश्न: लोक मागं थांबून छतं साफ करत राहिले असते, तर शहर वाचलं असतं का? छत साफ करण्याची योग्य रीत कोणती?

आग्नेय भागापुरतं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तिथं राख इतक्या वेगानं पडत होती की झाडणाऱ्याच्या पाठीमागं नवा थर तयार होत होता, आणि थांबलेला माणूस छताखाली किंवा छतावर सापडला असता. माणसं हलली तेच बरोबर झालं. राखपात जिथं थोडा असतो तिथं मात्र झाडण्यानं घर नक्की वाचतं. रीत अशी:

थर दोन-तीन सेंटिमीटरचा झाला की काम सुरू करा, साठू देऊन एकदम काढू नका. राखेवर पाण्याचा हलका शिडकावा द्या, फक्त धूळ बसण्यापुरता. नळी लावून धुणं ही सर्रास होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. वजन दुप्पट होतं, चिखल पन्हळीतून खाली जातो आणि गटारात सिमेंटसारखा घट्ट बसतो. काम सुरू करण्याआधी पन्हळीचा खाली उतरणारा पाइप सोडवून ठेवा.

छताच्या दोन्ही उतारांवरून आळीपाळीनं, थोडी थोडी राख काढा. एकच बाजू पूर्ण मोकळी केली तर दुसऱ्या बाजूच्या वजनानं कैची मुरडते. उभं राहायचं ते खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीवर, आणि शक्यतो आडवी फळी टाकून. पत्र्यावर ओली राख अतिशय निसरडी असते, म्हणून कमरेला दोर आणि खाली दुसरा माणूस हवाच. एन-९५ दर्जाचा मास्क आणि बंद चष्मा लावा. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स अजिबात नकोत, राखेचे कण काचेचे असतात आणि बुबुळ खरवडतात.

आणि थर आधीच दहा सेंटिमीटरच्या पुढं गेला असेल, दारं घासायला लागली असतील किंवा छत करकरत असेल, तर वर चढू नका. त्या अवस्थेत झाडणाऱ्याचं वजन हीच शेवटची काडी ठरते.

प्रश्न: १९८३ ते ८५ मध्ये इशारा देऊनही उद्रेक झाला नाही, असं लेखात आहे. एकदा खोटा ठरलेला इशारा लोकांनी पुन्हा कसा मानला?

‘खोटा’ हा शब्द आम्हाला पटत नाही. जमिनीखाली खरोखर हालचाल चालू होती. १९८४ च्या एप्रिलमध्ये एकाच महिन्यात १३ हजारांहून अधिक भूकंप नोंदले गेले, आणि तावुर्वुरजवळच्या मातुपित बेटाची जमीन तर त्याआधी कित्येक वर्षं वर उचलली जात होती. रबाऊलच्या ज्वालामुखी वेधशाळेकडं इशाऱ्याचे चार टप्पे होते. पहिल्यात उद्रेकाला काही महिने ते वर्षं असल्याचा अंदाज, चौथ्यात काही तास ते दिवस. ऑक्टोबर १९८३ मध्ये दुसरा टप्पा जाहीर झाला आणि साधारण वर्षभरानं मागं घेतला गेला. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येता येता थांबला, एवढंच झालं होतं.

त्या काळात शहरानं बरंच सोसलं. व्यापार मंदावला, काहींनी शहर सोडलं. पण त्याच काळात बाहेर पडण्याचे रस्ते सुधारले, कुठल्या वस्तीनं कुठल्या वाटेनं जायचं ते ठरलं, सराव झाले. ‘फुकट गेलेली’ ती दोन वर्षं दहा वर्षांनी कामाला आली.

१९९४ मध्ये यंत्रांनी फारशी उसंत दिली नाही. रविवारी, १८ सप्टेंबरला, पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी एकामागोमाग दोन जोरदार धक्के बसले, एक खाडीच्या या काठाला, एक त्या. तिथून पहिल्या उद्रेकापर्यंत सुमारे २७ तास मिळाले. दिवसभर धक्के थांबेनात. संध्याकाळी वरच्या टप्प्याचा इशारा निघेपर्यंत अनेक कुटुंबं चालू लागली होती. १९३७ चा उद्रेक पाहिलेली, तिथल्या स्थानिक तोलाई समाजातली म्हातारी माणसं अजून होती. तेव्हाही साधारण एक दिवस आधी असेच धक्के बसले होते आणि किनाऱ्यालगतचा समुद्रतळ वर आला होता. १९ तारखेला उजाडलं तेव्हा व्हल्कनजवळचा किनारा काही मीटर वर उचललेला दिसत होता. एरवी पाण्यात बुडालेला तळ उघडा पडला होता. हे ज्यांना वाचता आलं त्यांना कुणाच्या फर्मानाची गरज उरली नाही.

शास्त्रज्ञांनी तास-मिनिट सांगितलं नाही म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ती आम्हाला अन्यायाची वाटते. काल्डेरासारख्या, म्हणजे जमीन खचून झालेल्या मोठ्या खळग्याच्या, ज्वालामुखीत दहा वर्षं हालचाल होऊन काही घडत नाही, आणि मग एका दिवसात सगळं घडतं. फसलं ते पुढचं काम. रिकाम्या शहरात लूट झाली, आणि घरदार सोडलेल्या पन्नास हजारांवर माणसांची सोय लावायला फार वेळ लागला.

प्रश्न: १९३७ मध्ये सुमारे ५०० माणसं गेली आणि १९९४ मध्ये ५. दुसरा उद्रेक सौम्य होता का?

नाही. फरक पडला तो व्हल्कनजवळच्या गावांत माणसं होती की नव्हती, याचा. व्हल्कन १८७८ मध्ये समुद्रातून बेट म्हणून वर आला. २९ मे १९३७ च्या उद्रेकात त्याचा दोनशे मीटरांहून उंच डोंगर झाला आणि तो किनाऱ्याला जोडला गेला. त्या वेळचे बहुतेक मृत त्याच्या शेजारच्या गावांतले होते. १९९४ मध्येही व्हल्कनमधून तप्त राख आणि वायूचे लोट उतारावरून आणि पाण्यावरून धावले, खाडीत त्सुनामीच्या लाटा उठल्या. पण गावं रिकामी होती. पाच मृतांपैकी एक जण राखेच्या ढगातल्या विजेनं गेला.

या लोटांपुढं मास्क, मजबूत छत, बंद खिडक्या यांतलं काही चालत नाही. तापमान काही शे अंश आणि वेग वाहनाच्या पुढचा. मार्टिनिक बेटावरच्या सेंट पिएर बंदरावर ८ मे १९०२ रोजी असाच लोट आला आणि काही मिनिटांत सुमारे २८ हजार माणसं गेली. राखपात असेल तर आसऱ्याला थांबायचं की निघायचं याचा विचार करता येतो. लोटाच्या वाटेवर असाल तर आधीच निघालेलं असावं लागतं.

प्रश्न: इतकं होऊनही बंदर तिथंच का ठेवलं? मुळात अशा जागी शहर वसवलंच का?

कारण बंदर चांगलं आहे आणि ते ज्वालामुखीमुळेच चांगलं आहे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात जमीन खचून काल्डेरा झाला, एका बाजूनं कडा फुटून समुद्र आत आला. तिन्ही बाजूंनी डोंगर, आत खोल आणि शांत पाणी. जर्मनांनी १९१० मध्ये आपल्या वसाहतीची राजधानी जवळच्या कोकोपोहून रबाऊलला आणली ती याचसाठी. १९९४ नंतर प्रांताचा कारभार पुन्हा कोकोपोला गेला. कचेऱ्या आणि दुकानं हलवता आली, खोल पाणी हलवता आलं नाही. त्यामुळे जहाजं अजून रबाऊललाच लागतात.

उद्रेकाच्या वेळी बंदराला जहाजांच्या दृष्टीनं वेगळाच त्रास झाला. व्हल्कनचा प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड, खाडीभर पसरला. असे थर इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या जाळ्यांत अडकतात, पाणी थांबतं आणि इंजिन तापून बंद पडतं. जुना लाकुनाई विमानतळ तर तावुर्वुरच्या तोंडाशीच होता, तो गाडला गेला. आता विमानं टोकुआला उतरतात, तरी वायव्येचा वारा असताना तावुर्वुरची राख तिकडंही पोचू शकते.

मातुपितचे लोक बेटावर परतले. तावुर्वुरच्या पायथ्याच्या कोमट मातीत मेगापोड पक्षी अंडी पुरून ठेवतात. ती उष्णतेनंच उबतात, आणि खणून काढणं हा तिथला जुना उद्योग आहे.

प्रश्न: उद्रेक थांबल्यावर पाण्याच्या टाक्या आणि पत्र्यांचं काय करतात?

छतावरचं पाणी टाकीत जाणारा पाइप पहिल्या राखेलाच सोडवायचा आणि छत स्वच्छ होऊन एक-दोन चांगले पाऊस होईपर्यंत जोडायचा नाही. थोडी राख गेलेली असेल तर पाणी निवळू द्यावं आणि वरचं वापरावं. चव आंबट लागली तर ते पिऊ नये. राखेबरोबरचा गंधकाचा वायू पाण्यात आम्ल तयार करतो, आणि तेच आम्ल जस्ताचा थर खाऊन पत्रा गंजवतं. तावुर्वुर पुढंही अनेक वर्षं धुमसत राहिल्यामुळे वाऱ्याच्या दिशेतल्या घरांचे पत्रे लवकर सडले. नवे पत्रे टाकायचे तर रंगाचा थर असलेले घ्यावेत आणि स्क्रूच्या वायसरभोवती राख साठू देऊ नये, गंज तिथूनच धरतो. विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर पावसाआधी कोरड्या ब्रशनं साफ करावेत. ओल्या राखेतून वीज वाहते आणि पहिल्याच सरीत सगळ्या वस्तीची वीज जाते.