सोल्डर (वितळवून जोड पक्का करायचा धातू) वायरला चिकटतच नाही, गोळा होऊन पडतं. काय चुकतंय?

तुम्ही बहुतेक सोल्डर थेट सोल्डरिंग आयर्नच्या (सोल्डर वितळवायच्या तापत्या अवजाराच्या) टोकावर वितळवून वायरवर थापताय. उलटं करा. आधी आयर्नचं टोक वायरच्या तांब्याच्या तारेला आणि पॅडला (बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्याला) एकदमच टेकवा, दोनेक सेकंद थांबा, मग सोल्डर टोकाला नाही, तापलेल्या जोडाला लावा. ते आपसूक पसरतं, चकाकतं. गोळा झाला म्हणजे बहुधा जोड थंडच होता.

वायर आधी सोलून, पिळून तिच्यावर सोल्डरचा पातळ थर चढवून घ्या. आयर्नचं टोक काळं पडलं असेल तर काही चिकटणार नाही. ओल्या स्पंजवर पुसत राहा.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर (६०% कथील, ४०% शिसं) आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा पदार्थ) सगळं मिळतं. सरावाला जुन्या रेडिओचा बोर्ड घ्या. या सोल्डरमध्ये शिसं असतं, हात धुऊनच चहाला जा.